कॅथकिन पार्क : ग्लासगोचे दुसरे हॅम्पडेन

ग्लासगोच्या दक्षिण भागात, क्रॉसहिल आणि माउंट फ्लोरिडा या दोन रेल्वे स्थानकांच्या मधल्या वस्तीत कॅथकिन पार्क नावाची सार्वजनिक बाग आहे. फाटकातून आत जाताना ती इतर बागांसारखीच वाटते. झाडी संपते तिथे मात्र फुटबॉलचे सपाट मैदान समोर येते आणि त्याच्या तीन बाजूंना गवत व शेवाळ चढलेल्या पायऱ्यांचे उतार दिसतात. पायऱ्यांमधूनच झाडे वाढली आहेत. गर्दीचा रेटा अडवण्यासाठी रोवलेले लोखंडी कठडे अजून जागच्या जागी असून त्यांतल्या काहींना लाल रंग दिलेला आहे. चौथ्या बाजूला आसनांची मुख्य इमारत होती, ती आज नाही. इथे तिकीट लागत नाही, पहारेकरी नाही, बागेला येण्याजाण्याच्या वेळाही नाहीत. संध्याकाळी कुत्री फिरवायला आलेली माणसे ज्या पायऱ्यांवर टेकतात, त्यांवर एकेकाळी पंचेचाळीस हजार लोक उभे होते.

या जागेला आजवर दोन नावे मिळाली आणि दोन क्लबांनी ती वापरली. १८८४ ते १९०३ या काळात ती ‘हॅम्पडेन पार्क’ म्हणून ओळखली जाई आणि स्कॉटलंडमधला सर्वांत जुना क्लब, क्वीन्स पार्क, इथे खेळत असे. त्यानंतर थर्ड लानार्क हा क्लब आला आणि जागेचे नाव कॅथकिन झाले. आज जगाला माहीत असलेले हॅम्पडेन पार्क हे त्या नावाचे तिसरे मैदान आहे. पहिले आणि दुसरे त्याच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे तिन्ही एकाच दुपारी पाहून होतात. कालक्रमाने पाहायचे तर सुरुवात क्वीन्स पार्क या बागेपासून करावी लागते.

ही बाग १८६२ मध्ये खुली झाली. तिचा आराखडा जोसेफ पॅक्स्टन यांचा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे रचनाकार ते हेच. नावातली राणी व्हिक्टोरिया नसून स्कॉटलंडची राणी मेरी आहे. १५६८ मध्ये शेजारच्या लँगसाइड येथे तिच्या फौजेचा निर्णायक पराभव झाला होता. बागेतल्या टेकडीवर ध्वजस्तंभ आहे आणि तिथून उत्तरेला सगळे ग्लासगो नजरेत येते. ९ जुलै १८६७ रोजी या भागातल्या काही तरुणांनी जमून फुटबॉल क्लब काढायचे ठरवले. ‘नॉर्दर्न’, ‘केल्ट्स’ अशी नावे सुचवली गेली होती. शेवटी जिथे खेळायचे त्या बागेचेच नाव क्लबला मिळाले.

स्कॉटिश फुटबॉलची पुढची काही वर्षे म्हणजे बहुतांशी या एका क्लबचीच हकीकत आहे. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोच्या पार्टिक भागातल्या क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. त्यात स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्कचे होते. सुमारे चार हजार लोक तो पाहायला आले. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, तरी पैसे देऊन फुटबॉल पाहायला लोक येतात एवढे त्यातून नक्की कळले. बागेतल्या मोकळ्या मैदानावर मात्र प्रवेशशुल्क आकारण्याची सोय नव्हती. त्यासाठी चारी बाजूंनी बंदिस्त जागा हवी होती.

ती जागा बागेजवळच मिळाली. शेजारी उंचावर हॅम्पडेन टेरेस नावाची घरांची रांग होती आणि तिच्यावरून मैदानाला नाव पडले. त्या रांगेचे नाव सतराव्या शतकातले इंग्लिश संसदपटू जॉन हॅम्पडेन यांच्यावरून आलेले. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मैदानाला आजही एका इंग्रजाचे नाव आहे, याची गंमत स्कॉटिश लोकांना अधूनमधून आठवते. २५ ऑक्टोबर १८७३ रोजी तिथे पहिला सामना झाला. स्कॉटिश कप स्पर्धा त्याच मोसमात सुरू झाली होती. त्या स्पर्धेतल्या या लढतीत क्वीन्स पार्कने डंब्रेक संघाचा ७–० असा फडशा पाडला. स्पर्धेचा पहिला अंतिम सामनाही मार्च १८७४ मध्ये इथेच झाला आणि क्लाइड्सडेलला २–० असे हरवून करंडक यजमानांकडेच राहिला.

पहिल्या हॅम्पडेनचे आयुष्य दहा वर्षांचे. तेवढ्यात इंग्लंडचा संघ इथे तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा हरला: १८७८ मध्ये ७–२, १८८० मध्ये ५–४ आणि १८८२ मध्ये ५–१. इंग्रज खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकेकटे धावत सुटायचे, स्कॉटिश खेळाडू तो एकमेकांना देत पुढे सरकायचे. जोडीने खेळण्याची ही रीत क्वीन्स पार्कच्या सरावात घडली आणि आज जगभर जे फुटबॉल खेळले जाते ते तिच्याच वळणाचे आहे. १८८२ च्या विजयी संघात अँड्र्यू वॉटसन हे बचावपटू होते. ब्रिटिश गियानातल्या डेमरारा येथे जन्मलेले वॉटसन हे आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू मानले जातात. आदल्या वर्षी लंडनमध्ये इंग्लंडला ६–१ असे हरवणाऱ्या संघाचे ते कर्णधार होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्यांची आठवण फारशी कुणाला राहिली नाही. त्यांचे चित्र आता क्रॉसहिल परिसरात सहज दिसते.

पहिले हॅम्पडेन रेल्वेने गिळले. शहर दक्षिणेकडे पसरू लागले तशी कॅथकार्टकडे जाणाऱ्या नव्या लोहमार्गाची आखणी झाली आणि ती रेघ मैदानाच्या पश्चिम उतारावरून गेली. १८८३ मध्ये क्वीन्स पार्कला जागा सोडावी लागली. मार्गाचा पहिला टप्पा १८८६ मध्ये सुरू झाला आणि १८९४ पर्यंत त्याचे वर्तुळ पूर्ण झाले. आज प्रवासी ज्या गाडीने ग्लासगो सेंट्रलहून क्रॉसहिलला उतरतात, ती याच मार्गाने धावते. मैदान गेले ते तिच्यासाठीच. उरलेल्या जागेवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅम्पडेन बोलिंग क्लबची हिरवळ आणि क्लबघर उभे राहिले. फुटबॉलचे मैदान नेमके इथेच होते हे बराच काळ ऐकीव होते. रेल्वेच्या जुन्या नकाशाने ते पक्के केले आणि २०२१ मध्ये तिथे पुरातत्त्वीय उत्खननही झाले. क्लबघराच्या भिंतीवर १८८२ च्या विजयाचे चित्र रंगवले आहे. पाहण्यासारखे त्याहून फार काही नाही. तरीही हिरवळीच्या कडेला उभे राहून रुळांकडे पाहिले, की मैदान कुठून कापले गेले ते लगेच ध्यानात येते.

मधला एक मोसम क्वीन्स पार्कने उसन्या मैदानावर काढला. जवळच भाड्याने नवी जागा घेतली आणि १८ ऑक्टोबर १८८४ रोजी डंबार्टनविरुद्धच्या सामन्याने तिचे उद्घाटन झाले. गोल एकही झाला नाही. जुने नाव क्लबाबरोबर नव्या जागी आले, म्हणून आजच्या कॅथकिन पार्कचा इतिहास दुसरे हॅम्पडेन या नावाने सुरू होतो.

या मैदानावर यजमानांचे नशीब पहिल्यासारखे राहिले नाही. इंग्लंडचा संघ १८८६, १८८८ आणि १८९० असा तीनदा इथे आला. दोन सामने १–१ असे बरोबरीत सुटले आणि १८८८ मध्ये इंग्लंड ५–० ने जिंकले. दुसऱ्या हॅम्पडेनवर स्कॉटलंडला इंग्लंडवर एकही विजय मिळाला नाही. त्यामागे मैदानाचा दोष नव्हता. जोडीने खेळण्याची रीत इंग्लंडने आत्मसात केली होती. शिवाय तिकडे १८८५ पासून खेळाडूंना उघडपणे पैसे देता येऊ लागले आणि चांगले स्कॉटिश खेळाडू सीमा ओलांडून लँकेशरच्या क्लबांकडे जाऊ लागले. क्वीन्स पार्क पक्का हौशी क्लब होता. खेळासाठीच खेळावे, या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्याने घेतले होते आणि ते तो अक्षरशः पाळत असे. स्कॉटलंडमध्ये व्यावसायिकतेला १८९३ मध्ये मान्यता मिळाली. क्लबने दहावा स्कॉटिश कप जिंकला तो त्याच वर्षी, आणि नंतर तो करंडक त्याच्याकडे कधीच आला नाही.

या मैदानावरचा सर्वांत चमत्कारिक सामना यजमानांचा नव्हताच. मे १८८८ मध्ये स्कॉटिश कप विजेता रेंटन आणि इंग्लंडचा एफ.ए. कप विजेता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन यांची गाठ इथे पडली. रेंटन हे ग्लासगोच्या वायव्येला लेव्हन नदीकाठचे, कापड रंगवण्याच्या कारखान्यांवर जगणारे खेडे. लढत युनायटेड किंगडमच्या आणि जगाच्या अजिंक्यपदासाठी असल्याचे जाहीर झाले होते. वादळी पावसात रेंटनने ४–१ असा विजय मिळवला आणि स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतले. आज हे हास्यास्पद वाटते खरे, पण त्या काळी संघटित फुटबॉल या दोन देशांपलीकडे फारसे खेळलेच जात नव्हते. दावा तसा वाजवी होता.

थोडाफार फुटबॉल बाहेर पोचत होता तो मुख्यतः ब्रिटिश पलटणींबरोबर. त्याच १८८८ साली सिमल्याच्या डोंगरात डुरँड कपची पहिली स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना स्कॉटिश पलटणी होत्या. ग्लासगो परिसरातून भरती होणारी हायलँड लाइट इन्फन्ट्री त्या सामन्यात रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सकडून हरली. पुढच्या दोन वर्षांत मात्र तिने करंडक मिळवला. मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला तो १८९१ मध्ये, तोही प्रामुख्याने पलटणींच्याच जोरावर. भारतातल्या पहिल्या मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्या शिपायांतले बरेचजण ज्या शहरात वाढले, तिथल्या मैदानांची ही गोष्ट आहे.

थर्ड लानार्कचा जन्मही पलटणीतलाच. पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर बाराच दिवसांनी, १२ डिसेंबर १८७२ रोजी, तिसऱ्या लानार्कशर रायफल स्वयंसेवक दलाच्या सैनिकांनी आपला फुटबॉल संघ स्थापन केला. त्यांचे मैदान क्रॉसहिल भागातच होते आणि कॅथकिन पार्क हे नाव मुळात त्या मैदानाचे. दुसऱ्या हॅम्पडेनशी या संघाचा संबंध तिथे राहायला येण्याच्या आधीच जुळला होता. फेब्रुवारी १८८९ मध्ये स्कॉटिश कपचा अंतिम सामना इथे ठरला आणि नेमका त्या दिवशी बर्फ पडला. हजारो लोक जमलेले असल्यामुळे सामना खेळवला गेला. थर्ड लानार्कने अवघ्या वर्षाच्या वयाच्या सेल्टिक क्लबला ३–० असे हरवले, पण बर्फामुळे तो निकाल ग्राह्य धरला गेला नाही. आठवड्याने पुन्हा सामना झाला आणि थर्ड लानार्कने तोही २–१ ने जिंकला.

शतक संपता संपता क्वीन्स पार्कला दुसरे हॅम्पडेन अपुरे पडू लागले. सेल्टिक आणि रेंजर्स यांनी मोठी मैदाने बांधली होती. महत्त्वाचे सामने आणि त्यांच्या तिकिटांचे उत्पन्न तिकडे जाऊ लागले. क्वीन्स पार्कने मग माउंट फ्लोरिडाजवळ स्वतःच्या मालकीची बारा एकर जमीन घेतली. तिथल्या बांधकामाच्या काळातच ग्लासगोवर एक आपत्ती कोसळली. ५ एप्रिल १९०२ रोजी आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड–इंग्लंड सामना चालू असताना लोखंडी सांगाड्यावर उभारलेली लाकडी गॅलरी खचली आणि २५ माणसे दगावली. त्यानंतर प्रेक्षकांच्या पायऱ्या लाकडी मांडणीवर न उभारता टेकडीच्या उतारावर किंवा मातीच्या भरावावर बांधण्याकडे कल झाला. नवे हॅम्पडेन तसेच बांधले गेले आणि ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी सेल्टिकविरुद्धच्या सामन्याने खुले झाले. कॅथकिनचे उतारही मातीचेच आहेत. लाकूड असते तर ते केव्हाच जळणात गेले असते आणि लोखंड भंगारात. माती उचलून न्यायला खर्च येतो, म्हणून ती तिथेच राहिली.

रिकाम्या झालेल्या जागेत त्याच वर्षी थर्ड लानार्क आला. हॅम्पडेन हे नाव क्वीन्स पार्कने पुन्हा बरोबर नेले आणि थर्ड लानार्कने आपल्या जुन्या मैदानाचे नाव इथे आणले. सुरुवातीला ते न्यू कॅथकिन पार्क असे होते, पुढे ‘न्यू’ आपोआप गळून पडला. याच सुमारास क्लबचा सैन्याशी असलेला औपचारिक संबंधही संपला. नावातली पलटण आणि अंगातला लाल सदरा तेवढा राहिला. स्थलांतराच्या त्या मोसमात, १९०३–०४ मध्ये, थर्ड लानार्कने स्कॉटिश लीग जिंकली आणि १९०५ मध्ये रेंजर्सला हरवून दुसऱ्यांदा स्कॉटिश कप मिळवला. त्यानंतर मोठा करंडक कॅथकिनमध्ये आला नाही.

पुढची साठ वर्षे सेल्टिक आणि रेंजर्स यांच्या छायेत गेली. या दोन्ही क्लबांमागे धर्म आणि वंश यांच्या निष्ठा होत्या. थर्ड लानार्कमागे दक्षिण ग्लासगोतले काही मोहल्ले होते, एवढेच. तरी लोकांचे त्यावर प्रेम होते. प्रेक्षक ‘हाय हाय’ अशी आरोळी देत आणि तेच क्लबचे लाडके नाव झाले. २७ फेब्रुवारी १९५४ रोजी रेंजर्सविरुद्धच्या कप सामन्याला ४५,४५५ लोक आले. कॅथकिनवरचा हा गर्दीचा उच्चांक. झाडे उगवलेल्या त्या उतारांवर एवढी माणसे कशी मावली असतील, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर एवढेच, की तिथे बसायची सोय नव्हतीच.

१९६०–६१ च्या मोसमात क्लबने लीगच्या ३४ सामन्यांत १०० गोल केले आणि तिसरे स्थान मिळवले. व्यवस्थापक होते स्कॉटलंडचे माजी कर्णधार जॉर्ज यंग. गुडफेलो, हिली, हार्ली, ग्रे, मॅकिन्स ही आघाडीची पाच नावे ग्लासगोची जुनी माणसे एका दमात घेत. तिथून सहा वर्षांत क्लब नाहीसा झाला. कारभार संचालक विल्यम हिडल्स्टन यांच्या हाती एकवटला, चांगले खेळाडू विकले गेले, व्यवस्थापक सोडून गेले. १९६४–६५ मध्ये ३४ पैकी केवळ तीन सामने जिंकून संघ खालच्या विभागात घसरला. कॅथकिनची जागा घरबांधणीसाठी विकून क्लब शहराबाहेर न्यायचा बेत असल्याचे बोलले जात होते. प्रेक्षक येईनासे झाले. २५ एप्रिल १९६७ रोजी क्वीन ऑफ द साउथविरुद्धचा सामना ३–३ असा सुटला. कॅथकिनवरचा तो शेवटचा सामना. त्यानंतर तीन दिवसांनी डंबार्टनमध्ये थर्ड लानार्क ५–१ ने हरला आणि त्या उन्हाळ्यात कंपनी दिवाळखोरीत निघाली. सरकारच्या व्यापार मंडळाने चौकशी केली, तिच्या अहवालात कारभारावर कडक ताशेरे होते आणि काही माजी संचालकांना कंपनी कायद्याखाली दंडही झाला. हिडल्स्टन तोवर हयात नव्हते. १९६७ च्या नोव्हेंबरातच त्यांचे निधन झाले होते.

ज्या जमिनीपायी हे सगळे झाले असे लोक मानत, ती कुणाच्याच हाती लागली नाही. तिथे इमारती उभ्या राहिल्या नाहीत. आसनांची इमारत पाडली गेली आणि कालांतराने जागा सार्वजनिक बाग झाली. ब्रिटनमधली बहुतेक जुनी मैदाने क्लब स्थलांतरित होताच सुपरमार्केटखाली किंवा घरांखाली गेली, कारण जिवंत क्लबाला नव्या मैदानासाठी जुनी जमीन विकावीच लागते. थर्ड लानार्क नवे मैदान बांधायला उरलाच नाही आणि त्यामुळे कॅथकिन वाचले. पहिल्या हॅम्पडेनवर खेळलेला क्लब दीडशे वर्षांनंतरही खेळतो आहे, पण ते मैदान शोधायला नकाशा लागतो.

कॅथकिनवर हौशी संघ अजून खेळतात. सामना असेल त्या दिवशी जावे. चारपाच माणसे पायऱ्यांवर उभी असली तरी उतारांची रचना कळते: कठडे सरळ ओळीत नसून एकाआड एक मांडलेले आहेत. वरून येणारा लोंढा सलग खाली धावू नये, यासाठी ही मांडणी असते. पावसानंतर पायऱ्या निसरड्या होतात आणि ग्लासगोत पाऊस केव्हाही येतो, तेव्हा पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. परतीच्या वाटेवर व्हिक्टोरिया रोडने गेल्यास गोव्हनहिलची वस्ती लागते. तिथे पंजाबी आणि पाकिस्तानी दुकाने बरीच असल्याने चहा आणि समोसा मिळण्याची चिंता नाही.

कॅथकिनहून दक्षिणेला थोडे चालले की तिसऱ्या हॅम्पडेनचा काँक्रीटचा वाडगा दिसू लागतो. रिओ दि जानेरोचे माराकाना १९५० मध्ये उभे राहीपर्यंत जगातले सर्वांत मोठे फुटबॉल मैदान हेच होते. एप्रिल १९३७ मध्ये स्कॉटलंड–इंग्लंड सामन्याला इथे १,४९,४१५ प्रेक्षकांची नोंद झाली आणि मे १९६० मध्ये रेआल माद्रिदने युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात आइनट्राख्ट फ्रांकफुर्टला ७–३ असे हरवले ते याच गवतावर. आतल्या स्कॉटिश फुटबॉल संग्रहालयात १८७३ साली बनवलेला मूळ स्कॉटिश कप ठेवलेला आहे. पहिल्या हॅम्पडेनवर जिंकला गेला तोच हा करंडक.

पन्नास हजार आसनांच्या या मैदानात क्वीन्स पार्क अनेक दशके मोजक्या शेकडो प्रेक्षकांसमोर लीगचे सामने खेळत राहिला, तेही हौशी म्हणून. २०१८ मध्ये क्लबने हॅम्पडेन पन्नास लाख पौंडांना स्कॉटिश फुटबॉल संघटनेला विकायचे मान्य केले. २०१९ मध्ये सदस्यांनी मतदान करून हौशीपणाचा नियम सोडला आणि २०२० मध्ये मालकी हस्तांतरित झाली. क्लबने आपल्यासाठी राखले ते भिंतीपलीकडचे छोटे लेसर हॅम्पडेन. पूर्वी ते सरावाचे मैदान होते.